शेताची हद्द आणि नवी पाटी

मुलांनो, शेताच्या बांधावरून भाऊभाऊ एकमेकांचे वैरी झाल्याचे तुम्ही ऐकले असेल. म्हणूनच जमिनीची मोजणी बिनचूक असावी लागते. पूर्वी भूकरमापक लोखंडी साखळीने शेत मोजीत असत. 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा म्हणजे 1 गुंठा. असे 40 गुंठे मिळून 1 एकर होतो. साखळीचे माप आधी वहीत टिपावयाचे आणि मग त्यावरून नकाशा काढावयाचा. या उतरवण्यात एखादा आकडा चुकला, की नकाशातील हद्द सरकलीच!

आता भूकरमापकाच्या हाती टॅब्लेट नावाची जणू नवी पाटी आली आहे. काठीवर बसविलेले रोव्हर यंत्र उपग्रहांचे संकेत घेते, जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळविते आणि खुणेचे स्थान काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगते. ते तत्क्षणी पाटीवर उमटते. ऊन, धूळ, पाऊस सोसावा म्हणून या पाटीचे कवच भक्कम असते. ‘आयपी 67’ दर्जाच्या पाटीत धूळ शिरत नाही. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली, तरी ती टिकते.

तथापि काठी चुकीच्या दगडावर टेकली, तर पाटी त्या चुकीचेच अचूक माप देईल! हद्दीचा खरा दगड शोधण्याचे काम माणसाचेच आहे. त्यासाठी हवी सावध नजर आणि सचोटी.