विश्लेषण : मुखवटा जुना, भीती नवी! ‘हॅलोवीन’चा कोणता नवा अवतार जास्त चालला आणि का?

गाजलेल्या भयपटाचा रिमेक करताना मोठा पेच असतो. मारेकरी कोण, तो कुठून येणार, शेवटी कोण वाचणार, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते. मग घाबरवायचे कसे? जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) हॉलीवूडने नव्या पिढीसाठी दोन वेगळ्या मार्गांनी पडद्यावर आणला. दोन्हींत मारेकरी तोच, पण गोष्ट वेगवेगळ्या माणसांची झाली.

मूळ चित्रपटात काय होते?

मुखवटाधारी मारेकरी तरुणांना एकेक करून गाठतो आणि शेवटी एक मुलगी त्याला तोंड देते, हा ‘स्लॅशर’पटांचा साचा ‘हॅलोवीन’मुळे रूढ झाला. चित्रपट सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये बनला आणि त्याने जगभरात जवळपास सात कोटी डॉलर कमावले. पैसे कमी असल्याने ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवून वापरला गेला. संगीत कारपेंटर यांनीच दिले. त्याची मुख्य धून पाच मात्रांची आहे. चारच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला ती सतत अस्वस्थ ठेवते.

विशेष म्हणजे पडद्यावर रक्त फारसे दिसत नाही. सहा वर्षांचा मायकल मायर्स बहिणीला का मारतो, याचे उत्तरही मिळत नाही. भीती याच रिकाम्या जागेत आहे.

२००७ मध्ये काय बदलले?

दिग्दर्शक रॉब झॉम्बी यांनी ही रिकामी जागा भरली. त्यांच्या रिमेकचा मोठा भाग मायकलच्या बालपणावर आहे. घरातील शिवीगाळ, शाळेतील छळ, मग मनोरुग्णालय. चित्रपटाने कमाई केली, पण अनेक समीक्षकांना तो रुचला नाही. इतके स्पष्टीकरण दिल्याने पात्रातील गूढ संपले, अशी टीका पुढे खुद्द कारपेंटर यांनी केली. कारण कळले की मारेकरी समजण्याजोगा होतो, आणि जे समजते त्याची भीती कमी वाटते.

मग जसाच्या तसा का काढू नये?

तोही प्रयोग झाला आहे. गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये हिचकॉक यांचा ‘सायको’ जवळपास प्रत्येक दृश्य तेच ठेवून रंगीत स्वरूपात काढला. तो आपटला. चौकट तीच राहिली, पण १९६० च्या प्रेक्षकांना बसलेला धक्का परत आणता आला नाही.

२०१८ चा मार्ग कोणता होता?

डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांचा ‘हॅलोवीन’ रिमेक नव्हता. मधले सगळे भाग बाजूला सारून तो थेट १९७८ च्या कथेशी जोडला गेला. लॉरी ही मायकलची बहीण असल्याचा १९८१ च्या दुसऱ्या भागातील खुलासाही रद्द झाला. मायकल पुन्हा कारणाविना मारणारा झाला.

यावेळी उलगडा झाला तो लॉरीचा. जेमी ली कर्टिस यांनी ही भूमिका पुन्हा केली. लॉरी त्या रात्रीतून वाचली, पण सुटली नाही. तिच्या घराला अनेक कुलपे आहेत, बंदुका आहेत. मुलीला लहानपणापासून लढायला शिकवण्याच्या हट्टापायी मुलीचा ताबाच तिच्याकडून गेला. एका रात्रीच्या हिंसेची किंमत आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या मोजतात.

जास्त काय चालले?

झॉम्बी यांच्या चित्रपटाने जगभरात सुमारे आठ कोटी डॉलर कमावले, तर ग्रीन यांच्या चित्रपटाने २५ कोटींहून अधिक. कर्टिस यांचे पुनरागमन आणि कारपेंटर यांचे संगीत, हेही त्यामागे होते. तरी फरक स्पष्ट आहे. २००७ च्या चित्रपटाने ‘तो असा का झाला?’ हे विचारले. २०१८ च्या चित्रपटाने विचारले, ‘तिचे पुढे काय झाले?’ हा दुसरा प्रश्न १९७८ मध्ये कुणी विचारलाच नव्हता.