गवती चहा आणि दोन आठवड्यांचा खोकला

पावसाळी हवा पडली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात खोकल्याच्या रुग्णांची रांग लांबते. "घरी काय घेतलं?" असे विचारले, तर दहातल्या सात-आठ जणांचे उत्तर ठरलेले असते: "काढा चालूच हाय की, साहेब." हा काढा घरागणिक बदलतो. कुठे नुसता गवती चहा आणि आले, कुठे तुळस, मिरी, सुंठ. कुठे बाजारातून आणलेली पुडी, जिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना कुंभारी लागते. तिथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली ती राहायला खुली झाली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली तेंदूची पाने आणि हातात दोरा, असे बसून बाया दिवसाला शेकड्यांनी विड्या वळतात. तंबाखूची भुकटी श्वासातून आत जाते, निकोटिन हाताच्या त्वचेतूनही रक्तात उतरते. त्यामुळे या घरांमध्ये खोकला हा पाहुणा नसून घरचाच मानला जातो, आणि त्यावर गवती चहा हा घरचाच उपाय. तेलुगू बोलणाऱ्या घरांत त्याला निम्मगड्डी म्हणतात. मोरीच्या सांडपाण्यावर एखादे बेट लावले की वर्षानुवर्षे पुरते.

या गवताच्या वासाचे श्रेय त्याच्या तेलातल्या 'सिट्राल' या द्रव्याचे. लिंबाच्या सालीतही ते थोडे असते, म्हणून वास लिंबासारखा. हे तेल उडून जाणारे आहे, आणि चहा करताना नेमके हेच बहुतेकजण विसरतात. पातेले उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे रटरट उकळले, की स्वयंपाकघर घमघमते आणि कपात उरते हिरवट पाणी. वास घरात आला म्हणजे कपातून गेला.

दोन कपांसाठी अडीच कप पाणी घ्यावे. गवती चहाच्या तीन-चार ताज्या पाती धुऊन घ्याव्यात. पातीच्या कडा धारदार असतात, बोट कापते, तेव्हा जपून. पाती चुरडून त्यांची गाठ मारावी, म्हणजे गाळताना तुकडे येत नाहीत. पाण्यात अर्धा इंच ठेचलेले आले घालून उकळी आणावी. मग पाती टाकून, झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवावे. गॅस बंद केल्यावर तुळशीची पाच-सहा पाने घालून पुन्हा झाकावे आणि पाच मिनिटांनी गाळावे. लिंबू पिळायचे तर कपात. मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर, चवीपुरता. गूळ घातला तर तो साखरेसारखाच मोजावा. "गुळाचा आहे, चालतो," असे म्हणणारे मधुमेही मी रोज पाहतो. गुळाने रक्तातली साखर वाढतेच.

बेट नवे लावत असाल तर माहीतगाराकडून रोप आणा. सिट्रोनेला हे याच कुळातले, दिसायला तसेच, पण बुंध्याशी लालसर गवत डास पळवण्याच्या तेलासाठी लावतात. ते चहात घालायचे नाही.

आता फायदा. गरम पाणी आणि वाफ यांनी घसा मऊ पडतो, कफ सुटायला मदत होते, पोटात पाणी जाते. आल्याने मळमळ कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. एक वर्षावरच्या मुलांच्या खोकल्यात मधाने थोडा आराम पडतो, हेही अभ्यासांत दिसले आहे. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातल्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला 'बॉट्युलिझम' हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आजीने चाटवायला घेतला, तर गोड बोलून पण ठामपणे नाही म्हणावे.

गवती चहाने झोप लागते, मन शांत होते, असे ब्राझीलमध्येही लोक मानतात. तिथल्या कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली निरोगी माणसांना हा चहा देऊन तपासले. अपाय दिसला नाही. झोप किंवा चिंता यांवर परिणामही दिसला नाही. संध्याकाळी दारात बसून कप हातात घेतल्यावर बरे वाटते ते वाटतेच, त्याला माझी हरकत नाही. पण रक्तदाबाची गोळी बंद करून त्याऐवजी गवती चहा घेणाऱ्यांना मात्र माझी सक्त हरकत आहे.

काढ्यात काय पडते, हा दुसरा प्रश्न. २०२० च्या करोना काळात आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका होत्या, तोही दिवसातून एकदा-दोनदा. लोकांनी त्यात गुळवेल घातली, जेष्ठमध घातले, आणि महिनोन्‌महिने घेतले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून? पुढच्या वर्षी देशभरातल्या तेरा केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची नोंद आली. वाद तज्ज्ञांचा आहे, तो ते मिटवतील. आपल्यापुरते एवढे पुरे, की ज्याला यकृताचा आजार आहे किंवा क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत, त्याने गुळवेल घेऊ नये. त्या गोळ्यांचाही यकृतावर भार असतो, आणि कावीळ झाली तर दोष कशाचा हे ठरवणे अवघड होऊन बसते. जेष्ठमध सतत घेतल्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. 'झाडपाल्याचे आहे, अपाय कसला' या वाक्यावर माझा विश्वास नाही. तंबाखूही झाडपालाच आहे.

विडी वळणाऱ्या बायांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती रक्ताची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते तिथे जेवणाची सुट्टी चहावर भागवली जाते. साध्या चहातली टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. वनस्पतींचा काढा या दोषातून सुटतो असे समजू नका. १९९९ च्या एका अभ्यासात पुदिन्याच्या काढ्यानेही लोहाचे शोषण मोठ्या प्रमाणात घटले होते. तेव्हा भाकरीबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर कोणताच चहा नको, गवतीही नको. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यावा. जेवताना लिंबाची फोड घेतली तर उलट लोह जास्त मिळते.

आणि खोकला. सर्दीचा खोकला आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. त्या काळात गवती चहा प्या, दिवसातून दोन-तीन कप. दोन आठवडे उलटूनही खोकला टिकला, किंवा त्याआधीच संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त यातले काही दिसले, तर काढा बदलून पाहू नका, बेडका तपासा. "तंबाखूचा खोकला आहे, नेहमीचाच," हे उत्तर मला फार ऐकावे लागते. तो तंबाखूचा असेलही. पण एकाच छपराखाली आठ-दहा माणसे राहत असतील आणि तो क्षयाचा निघाला, तर काढ्यावर काढलेल्या दोन महिन्यांत तो घरातल्या लेकरांपर्यंत पोचलेला असतो.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे, औषधेही मोफत आहेत. साधा क्षयरोग नियमित उपचाराने साधारण सहा महिन्यांत बरा होतो. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी पूर्वी महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार मिळतात. बँकेच्या पासबुकाची प्रत बरोबर न्यावी.

सकाळच्या बेडक्यासाठी दवाखान्यातून झाकणाची डबी देतात. उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, घराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, छातीतून खोकावे आणि आलेला घट्ट बेडका डबीत टाकावा. नुसती थुंकी चालत नाही. झाकण घट्ट लावून, हात साबणाने धुऊन डबी त्याच दिवशी पोचवावी. त्या दिवशीचा गवती चहा डबी भरल्यावर.