मलाशयाचा कर्करोग : एमआरआयमधल्या ग्रंथी कशा वाचतात?

मावळात भातलावणीच्या दिवसांत पायात काटा मोडतो, जखम पिकते आणि जांघेत अवधाण येतं. दुखणं पायात, सूज जांघेत. ही सुजलेली गोष्ट म्हणजे लसिकाग्रंथी. पायाकडून येणारा लसिका नावाचा द्रव ती गाळते आणि जंतूंशी झुंजताना फुगते. म्हणजे फुगलेली प्रत्येक ग्रंथी वाईटच असते, असं नाही. एवढं मनात ठेवलं की आजचा विषय निम्मा सोपा होतो.

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. त्याच्याभोवती चरबीचं जाड वेष्टन असतं आणि वेष्टनावर पातळ पडदा. कर्करोगाच्या पेशी लसिकेतून निघाल्या की बहुतेक वेळा आधी या चरबीतल्या ग्रंथींत अडकतात. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं, की मलाशय काढताना हे वेष्टन पडद्यासकट, न फाडता काढायला हवं. आज जगभर तीच पद्धत आहे. एमआरआय करायचा तो ऑपरेशनआधी हे सगळं डोळ्यांनी बघण्यासाठी.

आता रिपोर्ट. त्यात लिहिलेलं असतं, ‘वेष्टनात काही ग्रंथी, सर्वांत मोठी ६ मिलिमीटर’. घरी पोचेपर्यंत याचं ‘सहा गाठी झाल्यात, पसरलंय’ असं होतं. खरं तर नुसत्या ६ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. जीना ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४२ रुग्णांच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या ४३७ ग्रंथी एमआरआयशी ताडून पाहिल्या. ग्रंथींत रोग असलेले रुग्ण २२ होते. त्यांतल्या १५ जणांत निरोगी ग्रंथी रोगट ग्रंथींएवढ्या किंवा त्यांहून मोठ्या होत्या! आकार फसवतो तो असा. ग्रंथीची कड वेडीवाकडी आहे का, आतला रंग एकसारखा की चट्ट्यापट्ट्यांचा, या खुणा जास्त भरवशाच्या ठरल्या.

युरोपातल्या पोटाच्या रेडिओलॉजिस्टांनी २०१६ मध्ये एकमतानं नियम ठरवला. ग्रंथीची आखूड बाजू मोजायची. ९ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर संशयित. ५ ते ८ मध्ये असेल तर गोल आकार, वेडीवाकडी कड आणि मिश्र रंग या तिन्हींपैकी किमान दोन खुणा हव्यात. ५ पेक्षा लहान असेल तर तिन्ही. हा नियम उपचाराआधीच्या तपासणीसाठी आहे. आणि एक अपवाद : ग्रंथीत बुळबुळीत श्लेष्मा दिसला तर आकार कितीही असो, ती संशयित. आपल्याकडे हा अपवाद विसरून चालत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये येणाऱ्या रुग्णांत पन्नाशीच्या आतले बरेच असतात आणि श्लेष्मा तयार करणारे प्रकारही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतात. तिशीतल्या माणसाला रक्त पडलं की ‘मूळव्याधच असणार’ म्हणून महिनोन्‌महिने लेप लावत बसतात, तेही यातलंच दुखणं.

नियम पाळूनही एमआरआय चुकतो. अगदी बारीक ग्रंथीतला रोग त्यात दिसत नाही. म्हणून ‘ग्रंथी संशयित’ या दोन शब्दांवरच रेडिएशनचा निर्णय घेऊ नये, असं आमचं मत आहे. मूळ ट्यूमर पडद्यापासून १ मिलिमीटरच्या आत आलाय का, रोग शिरेत घुसलाय का, हे रिपोर्टात आधी शोधावं. वेष्टनातली ग्रंथी वेष्टनाबरोबर निघूनच जाणार असते.

वेष्टनाबाहेर, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगत असलेल्या ग्रंथींची गोष्ट मात्र वेगळी आहे. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये त्या तशाच राहतात. मलाशयाच्या खालच्या भागातल्या रोगात त्यांच्याकडे बघावंच लागतं. जपानमध्ये त्या ऑपरेशननं काढण्याची जुनी परंपरा आहे. पाश्चात्त्य देशांत रेडिएशनवर भिस्त होती. २०१९ मध्ये अनेक देशांच्या रुग्णालयांनी माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की पहिल्या एमआरआयमध्ये अशी ग्रंथी ७ मिलिमीटर किंवा मोठी असेल, तर रेडिएशन आणि नेहमीचं ऑपरेशन होऊनही तिथे रोग परतण्याचा धोका बराच वाढतो. रेडिएशननंतर ती किती आकसली, यावर पुढचं ऑपरेशन ठरतं. आणि ‘किती आकसली’ हे कळायला आधीची मोजणी हवी.

आपल्या भागात नेमकी इथेच पंचाईत होते. कामशेत-वडगावचा माणूस लोकलनं पुण्याला जाऊन एमआरआय करतो, मग कोणीतरी सांगतं म्हणून लोणावळ्यावरून मुंबई गाठतो. पिशवीत कागदी रिपोर्ट असतो. सीडी घरी, नाहीतर सेंटरवरच राहिलेली. रेडिएशन झाल्यावर ती पहिली चित्रं पुन्हा काढता येत नाहीत, कारण ग्रंथी तेव्हा बदललेल्या असतात. तेव्हा सेंटरवरून निघतानाच सीडी मागून घ्या आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

जाता जाता, नेहमी येणारा एक प्रश्न : ‘शिरेतलं इंजेक्शन न देताच एमआरआय केला, म्हणजे अर्धवट झाला का?’ नाही. मलाशयासाठी ते सहसा लागतच नाही. लागतात ती साधारण ३ मिलिमीटर जाडीची, ट्यूमरला काटकोनात घेतलेली बारीक चित्रं.