गर्दीची खानेसुमारी

ज्यांची कन्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकते अशा एका वाचकांनी पत्राने एक शंका विचारली आहे. कन्येच्या भेटीस ते ॲन आर्बर या गावी गेले असता, एका शनिवारी सकाळपासूनच सारे रस्ते निळ्यापिवळ्या वेषातील आबालवृद्धांनी इतके भरून वाहू लागले, की शहरात काही मोठा उत्पात झाला असावा अशी त्यांची समजूत झाली. चौकशीअंती कळले ते एवढेच, की आज विद्यापीठाच्या मुलांचा फुटबॉलचा सामना आहे. 2020 च्या शिरगणतीप्रमाणे ज्या गावाची वस्ती सुमारे 1 लाख 24 हजार, त्या गावच्या विद्यापीठाने 1 लाख 7 हजार 601 आसनांचे स्टेडियम बाळगावे आणि ते भरूनही जावे, यामागे काही शास्त्र आहे की निव्वळ वेड, असा त्यांचा सवाल आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचा अंतिम सामना असला तरी खेळाडूंचे सोबती आणि फुरसत असलेले चार गृहस्थ यांखेरीज फारसे कोणी फिरकत नाही, हे ध्यानात घेता त्यांचे आश्चर्य अगदी रास्त होय.

वेड आहेच, परंतु त्या वेडाची मोजदाद करण्याचा उद्योग अर्थशास्त्रज्ञ गेली साठसत्तर वर्षे नेटाने करीत आले आहेत, आणि माझ्यासारख्या माणसाला ती मोजदाद सामन्याहूनही अधिक चुरशीची वाटते. (त्या आसनसंख्येच्या शेवटी जो 1 आहे, तो फ्रिट्झ क्रिस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ वाढविलेल्या एका जागेचा; ती जागा नेमकी कोणती, हे कोणासही ठाऊक नाही, अशी तेथील परंपरा सांगते.)

या विषयातील पहिला मोठा सिद्धान्त सायमन रॉटेनबर्ग यांनी 1956 साली बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लिहिलेल्या निबंधात आढळतो. प्रेक्षक पैसे मोजून येतो तो निकाल ठाऊक नसतो म्हणून. तेव्हा दोन संघ जितके तुल्यबळ तितकी गर्दी अधिक, असा त्याचा सारांश. तर्काला हे इतके पटते, की पडताळून पाहण्याची गरजच वाटू नये. आणि पडताळून पाहू गेल्यास विद्यापीठीय फुटबॉलमध्ये पहिली ठेच याच ठिकाणी लागते. हंगामाच्या आरंभी बडी विद्यापीठे एखाद्या लहान विद्यापीठाच्या संघास रोख बिदागी देऊन पाचारण करतात, ते केवळ पराभूत होऊन परत जाण्यासाठी. 1 सप्टेंबर 2007 रोजी मिशिगनने ॲपलाशियन स्टेट या खालच्या श्रेणीतील संघाला अशीच 4 लाख डॉलरांची बिदागी देऊन बोलाविले. यजमानांचा संघ तेव्हा देशाच्या क्रमवारीत पाचवा होता आणि निकालाविषयी कोणाच्याही मनात तिळमात्र संदेह नव्हता, तरी हजेरी लागली 1 लाख 9 हजार 218 जणांची. सामना पाहुण्यांनी 34–32 असा जिंकला आणि तो महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांपैकी एक गणला जातो, ही गोष्ट निराळी. तिकिटे घेतली गेली ती या अनपेक्षिताच्या आशेने खचितच नव्हे.

बेसबॉलच्या सामन्यांचा अभ्यास करून डेनिस कोट्स, ब्रॅड हम्फ्रीज आणि ली झाऊ यांनी 2014 मध्ये जे मांडले ते मला येथे अधिक जवळचे वाटते: घरच्या प्रेक्षकाला अनिश्चिततेची गोडी असेल, पण हातचा विजय निसटण्याचे दुःख त्या गोडीहून मोठे असते. परंतु म्हणून रॉटेनबर्ग यांना अगदीच मोडीत काढू नये. अलाबामा विद्यापीठाचा संघ प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्यांची धूळदाण उडवीत असता, सेबन यांचीच तक्रार असे, की विद्यार्थी मध्यंतरानंतर उठून जातात. आणि 2019 मध्ये त्या विद्यापीठाने, चौथ्या डावापर्यंत जागेवर बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मोबाइल फोनवरील स्थाननोंदीच्या आधारे गुण देण्याची आणि त्या गुणांवर अंतिम स्पर्धांच्या तिकिटांत अग्रक्रम देण्याची तजवीज केली. विजयाची खात्री माणसाला दारापर्यंत आणते, पण बसवून ठेवते ती चुरस, असा माझा याविषयीचा निष्कर्ष आहे. हजेरीचे गणित मांडणाऱ्यांनी येणे आणि थांबणे या दोन क्रियांची गल्लत केल्याने पुष्कळ कागद वाया गेला आहे.

मग माणसे येतात कशाने? अभ्यासकांच्या यादीत चालू हंगामातील विजय, गेल्या हंगामातील विजय, संस्थेची दीर्घकालीन कीर्ती, जुने वैर, विद्यार्थ्यांची आणि माजी विद्यार्थ्यांची संख्या, जवळपास व्यावसायिक संघ असणे वा नसणे, सामन्याची वेळ, तिकिटाचा दर अशी बाबवार नोंद असते. पाऊसपाण्याचा परिणाम अपेक्षेहून कमी दिसतो, कारण बहुतेक तिकिटे हंगामाच्या आधीच विकलेली असतात. अडचण अशी, की ही कारणे एकेकटी येत नाहीत. मिशिगनचेच पाहा. फील्डिंग योस्ट यांनी 1927 मध्ये हे स्टेडियम उभारताना पुढे लाखाच्या वर विस्तार करता यावा अशा बेताने पाया घालून ठेवला, परंतु 1960 च्या दशकात त्यातील मोठा भाग रिकामा राहत असे. 1968 मध्ये डॉन कॅनम क्रीडासंचालक झाले आणि त्यांनी टपालाने घरोघरी पत्रके धाडण्यापासून, तोवर विद्यापीठांना अप्रतिष्ठेची वाटणारी सारी जाहिरातविद्या वापरली. 1969 मध्ये बो शेम्बेक्लर प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ जिंकू लागला. 8 नोव्हेंबर 1975 पासून, महासाथीचे 2020 हे वर्ष वगळता, तेथील कोणत्याही सामन्याची हजेरी लाखाच्या खाली गेलेली नाही. आता श्रेय जाहिरातीचे किती आणि विजयाचे किती, हे कोणत्या तराजूने तोलावे? इतिहासाने दोन्ही कारणे लागोपाठ पाठवून अभ्यासकाची वाट बंद केली.

नेब्रास्काचे उदाहरण याहून निर्मळ आहे. लिंकन शहरातील तेथील मेमोरियल स्टेडियमची सर्व तिकिटे खपण्याची परंपरा 3 नोव्हेंबर 1962 रोजी, प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांच्या पहिल्या हंगामात सुरू झाली. पुढे त्या संघाने वैभव पाहिले आणि नंतर दुर्दशाही; 2017 ते 2023 असे सलग सात हंगाम त्याच्या पदरी विजयांहून पराभव अधिक आले, तरी परंपरा खंडली नाही. त्या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही, आणि आजोबांच्या नावावरील आसन नातवाकडे यावे ही तेथील रीत आहे. ज्याला अर्थशास्त्री सवयीचा गुणांक म्हणून कोष्टकात बसवितात ती वस्तू मुळात वतनासारखी असते, आणि वतन कोणी पिकाच्या एकदोन बुडीत सालांकरिता सोडीत नाही. मात्र 2021 मध्ये उरलेली तिकिटे दात्यांनी खरेदी करून गरजू मुलांना वाटली, तेव्हा कोठे परंपरेची लाज राहिली, हेही दप्तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

आणि येथे सबंध विषयातील सर्वांत मनोहर कोडे उभे राहते. स्टेडियम एकदा भरले, की मागणी कितीही वाढली तरी हजेरीचा आकडा वाढू शकत नाही. अंगणात ठेवलेले घंगाळ रात्रीच्या पावसाने काठोकाठ भरले, तर सकाळी आपण एवढेच म्हणू शकतो की निदान इतका पाऊस पडला. वरून किती वाहून गेला, ते घंगाळ सांगत नाही. लिंकनमध्ये अजिंक्य संघ आणि हतबल संघ यांची हजेरी कागदावर सारखीच दिसते, म्हणून विजयाचा गर्दीशी काही संबंध नाही असा निष्कर्ष जो काढील, तो घंगाळालाच पाऊस समजला.

या कोंडीतून वाट काढणारी पद्धत जेम्स टोबिन यांनी 1958 साली प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढे प्रश्न फुटबॉलचा नव्हता. कुटुंबे टिकाऊ वस्तूंवर किती खर्च करतात हे त्यांना पाहायचे होते, आणि तेथे पुष्कळ कुटुंबांचा आकडा शून्यावर अडलेला असे. शून्याच्या भिंतीला टेकलेल्या आकड्यांना, ‘मूळ इच्छा याच्याही खाली असू शकेल’ असे मानून संभाव्यतेच्या हिशेबात घ्यावे, ही त्यांची युक्ती. भिंत खाली असण्याऐवजी वर असली, म्हणजे शून्याच्या जागी स्टेडियमची क्षमता आली, तरी ती तशीच चालते. भरलेल्या सामन्यांतून अदृश्य मागणीचा अंदाज करायचा, तर अशाच पद्धतीचा आश्रय घ्यावा लागतो.

टोबिन यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि चलनव्यवहारावरील कराच्या सूचनेमुळे त्यांचे नाव वृत्तपत्रांतूनही गाजले. परंतु त्यांच्या चरित्रातील एका तपशिलाकडे हजेरीच्या अभ्यासकांनी लक्ष पुरविलेले मला तरी दिसले नाही. त्यांचे वडील पत्रकार होते आणि इलिनॉय विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे प्रसिद्धिप्रमुख म्हणून काम करीत. म्हणजे गर्दी जमविणे हा ज्यांचा पेशा, त्यांच्याच पुत्राने गर्दीच्या आकड्यामागे दडलेले मोजण्याचे साधन घडविले! टोबिन यांचा जन्म 1918 चा, त्याच विद्यापीठाच्या शॅम्पेन गावातला. 18 ऑक्टोबर 1924 रोजी, महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या तेथील स्टेडियमचा अर्पणसोहळा होता. समोर मिशिगनचाच संघ होता, आणि रेड ग्रेंज या तरुणाने सुमारे 67 हजार लोकांदेखत पहिल्या बारा मिनिटांत चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या सीमेपार नेला. सामना इलिनॉयने 39–14 असा जिंकला. तेव्हा टोबिन सहा वर्षांचे होते. त्या दिवशीच्या गर्दीने त्यांच्या मनात काही बीज पेरले असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही, पण या योगायोगाने मला जो आनंद दिला तो वाचकांपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. टोबिन यांच्या वाट्याला आलेला दुसरा योगायोग असा, की युद्धकाळात नौदलाच्या प्रशिक्षणात त्यांचा सहाध्यायी असलेल्या हर्मन वूक याने पुढे आपल्या गाजलेल्या कादंबरीत टोबिट नावाचे पात्र घातले, आणि 1964 मध्ये आर्थर गोल्डबर्गर यांनी या सांख्यिकी पद्धतीलाही तेच नाव दिले.

आता दूरचित्रवाणीविषयी, कारण गर्दी घटली की पहिला आरोपी तीच. 1950 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आपले घरचे सर्व सामने प्रक्षेपित करीत असे. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने एका संशोधनसंस्थेकडून पाहणी करवून, घरबसल्या सामना दिसल्यास मैदान ओस पडते असा निष्कर्ष हाती घेतला आणि 1951 पासून प्रक्षेपणावर कडक निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनियाने प्रथम ते धुडकावले, तेव्हा त्याला जवळजवळ बहिष्कृत करण्यात आले आणि अखेर ते शरण गेले. हा अंमल 1984 पर्यंत चालला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो बेकायदा ठरविला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालपत्रात दाखवून दिले, की सामने सुरू असतात त्या साऱ्या वेळात कोणता ना कोणता सामना पडद्यावर असतोच, तेव्हा या निर्बंधांनी मैदानावरील हजेरीचे रक्षण होते हे म्हणणे टिकत नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू होते. दोनच वर्षांनी कॅम्फर आणि पेसी यांनी प्रक्षेपण व हजेरी ही परस्परांना मारक नसून पूरक असल्याचे प्रतिपादन केले, आणि पुढील इतिहासानेही बराच काळ त्यांचीच बाजू घेतली: वरच्या श्रेणीतील सामन्यांची सरासरी हजेरी 2008 मध्ये 46 हजारांच्या वर गेली.

2018 मध्ये मात्र ती 42 हजारांच्या खाली, म्हणजे 1996 नंतरच्या नीचांकावर आली. भिंतीएवढे पडदे, हातातले फोन, वाढलेले दर यांवर तेव्हा जे रकानेच्या रकाने लिहिले गेले ते मी संशयानेच वाचतो. कारण दूरचित्रवाणी कंपन्यांच्या सोयीने सामन्याची वेळ ऐन वेळी ठरते, आणि जाहिरातींच्या विरामांमुळे साठ मिनिटांचा खेळ तीन तासांहून अधिक लांबतो, ही कारणे साधी असूनही त्यांचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

पण याहून मोठा संशय खुद्द आकड्याविषयीच आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने 2018 मध्ये अनेक विद्यापीठांकडून दारावर प्रत्यक्ष तपासल्या गेलेल्या तिकिटांची नोंद मिळविली, तेव्हा ती जाहीर हजेरीच्या सरासरी 71 टक्केच भरली. जाहीर होतो तो आकडा पुष्कळदा विकलेल्या वा वाटलेल्या तिकिटांचा असतो, त्यात कोठे कोठे वादक, पहारेकरी आणि विक्रेतेही मोजले जातात. लबाडीला नियमाचेही उत्तेजन होते: वरच्या श्रेणीत राहण्यासाठी सरासरी 15 हजारांची हजेरी दाखविणे आवश्यक असे, आणि हजेरी प्रत्यक्ष किंवा तिकीटविक्रीची, कोणतीही चाले. ॲन आर्बरच्या अगदी शेजारी असलेल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाने शीतपेयाच्या करारातून आलेल्या पैशाने आपलीच तिकिटे 3 डॉलरांस एक या दराने स्वतःच विकत घेऊन ही अट पुरी केली होती. अशा आकड्यांवर कितीही सूक्ष्म गणित चढविले तरी उत्तर त्या आकड्यांहून अधिक खरे होणार नाही, आणि हजेरीवरील जुने निबंध वाचताना तपासलेल्या तिकिटांवर बेतलेले कोणते आणि जाहीर आकड्यांवर बेतलेले कोणते, हे आधी पाहून घ्यावे. 15 हजारांची ती अट एनसीएएने 2023 मध्ये रद्द केली, आणि त्याच ठरावाने वरच्या श्रेणीत प्रवेशाच्या अर्जाची फी 5 हजार डॉलरांवरून 50 लाख डॉलर केली.