स्त्री-व्यवस्थापक आणि हॉटेल-व्यवसायाचा परदेशविस्तार

उच्च व्यवस्थापनात स्त्रिया असल्यास परदेशी विस्तारणाऱ्या हॉटेल-कंपनीची कामगिरी सुधारते काय, हा प्रश्न सावधपणे तपासावा लागतो. संस्थेच्या निर्णयांत तिच्या धुरीणांचे अनुभव व मूल्ये उमटतात, असे हॅम्ब्रिक व मेसन यांनी १९८४ मध्ये प्रतिपादिले. अपरिचित कायदे, कामगार व ग्राहक यांच्याशी गाठ पडत असता निर्णयमंडळातील विविधता उपकारक ठरावी, हे त्यावरून संभवते. परंतु समूहातील एकटीदुकटी स्त्री केवळ प्रतीक मानली जाते, हे रोझाबेथ कँटर यांनी १९७७ मध्येच दाखविले होते. अशा स्थितीत तिचे मत निर्णयापर्यंत पोचणे कठीण.

स्पेनच्या मायोर्का बेटावरील रिऊ कंपनीचे उदाहरण घेऊ. १९५३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९९१ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात गेली. पुढे संस्थापक-कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीतील कार्मेन रिऊ व त्यांचे बंधू लुईस यांनी तिची धुरा संयुक्तपणे वाहिली. येथे यशाचे श्रेय स्त्री-नेतृत्वाला द्यावे, की कौटुंबिक मालकीला? शिवाय संपन्न कंपन्याच स्त्रियांना अधिक संधी देत असतील, तर कार्यकारणाची दिशाच उलटते. म्हणून नियुक्तीपूर्वीची व नंतरची कामगिरी, तसेच विस्ताराची पायरी, ही पृथक्पणे मोजली पाहिजेत. अधिकारपदावरील स्त्रियांचा हक्क मात्र न्यायाचा आहे. तो नफ्याच्या आकड्यांवर अवलंबून ठेवू नये.