उंदीर टुंड्रात, हिशेब खाडीत

ओहोटी लागली, ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकाठचा चिखल उघडा पडला, की हिवाळ्यात चिमणीएवढे पक्षी तुरूतुरू पळायला लागतात. चोच टोचायची, दोन पावलं पळायचं, पुन्हा टोचायची. हा छोटा टिलवा. वजन जेमतेम तीस ग्रॅम आणि माहेर थेट आर्क्टिकच्या टुंड्रात!

१८७५ साली हेन्री सीबोम आणि जॉन हार्वी-ब्राऊन हे पक्षीसंग्राहक रशियातल्या पेचोरा नदीच्या मुखाकडे गेले आणि या टिलव्याची अंडी घेऊन परतले. ठाणे खाडीत उतरणारा वाकड्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर मात्र आणखी चिवट निघाला. त्याची अंडी सापडली १८९७ साली, पॉपहॅम या पक्षीसंग्राहकाला, सायबेरियात येनिसेई नदीच्या मुखाजवळ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) स्थापन होऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती!

आता खरी गंमत. कर्ल्यू सँडपायपरचं नशीब लेमिंग नावाच्या गुबगुबीत, उंदरासारख्या प्राण्याच्या हाती असतं. दर तीन-चार वर्षांनी टुंड्रात लेमिंग उदंड होतात. मग ध्रुवीय कोल्हे आणि हिमघुबडं त्यांच्यावरच ताव मारतात, पक्ष्यांची पिल्लं वाचतात आणि दक्षिणेकडे येणाऱ्या थव्यांत नवी पिढी भरपूर दिसते. पुढच्या साली लेमिंग घटले, की कोल्ह्यांचा मोर्चा घरट्यांकडे वळतो. खाडीवर पक्षी मोजताना टुंड्रातले उंदीरही मोजले जातात ते असे.

अंडी-पिल्लांच्या देखभालीचं म्हणाल, तर कर्ल्यू सँडपायपरचा नर अंडी उबवायला थांबतच नाही. तो आधी निघतो, मागून मादी, शेवटी पिल्लं. सहा हजार किलोमीटरच्या वरचा हा पहिलाच प्रवास पिल्लं आईबापांशिवाय करतात! छोट्या टिलव्याच्या भावकीतल्या टेमिंकच्या टिलव्याकडे वेगळीच वाटणी. मादी पहिली चार अंडी नराच्या स्वाधीन करते आणि दुसऱ्या खेपेची स्वतः उबवते.

एप्रिलमध्ये दुर्बीण घेऊन जरूर जा. हिवाळाभर राखाडी दिसणारा कर्ल्यू सँडपायपर तेव्हा छातीपासून पोटापर्यंत विटकरी होत असतो. ती परतीची तयारी.

त्या जुन्या पक्षीसंग्राहकांसारखी आज अभ्यासासाठी बंदूक लागत नाही, पायातलं कडं पुरतं. एखाद्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर लांबूनच फोटो काढा, तारीख आणि जागा टिपा आणि बीएनएचएसला कळवा.