गुडघा बदलणे म्हणजे नेमके काय?



गटातील फेरीत लागणीचे, खताचे बोलणे संपले की हल्ली गुडघ्याचा विषय निघतो. "साहेब, गुडघा काढून लोखंडाचा बसवत्यात म्हणं, मग माणूस चालतो का?" मी काही डॉक्टर नव्हे, पण गैरसमज फार, म्हणून हे टिपण.

आख्खा गुडघा कोणी काढत नाही. पंपाचा बुश झिजला म्हणून आपण पंप फेकतो का? तसेच हे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की हाडावर हाड घासते, पाय बाकदार होतो. शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडाचा काही मिलिमीटर थर कापून त्यावर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. स्नायू आपलेच राहतात. धातू-प्लॅस्टिकची ही जोडी इंग्लंडात सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्यासाठी यशस्वी केली. गुडघ्याचा नंबर नंतर लागला. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत १०० पैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकलेले दिसले.

मात्र दुखले की लगेच ऑपरेशन, असे नाही. आधी वजन, व्यायाम, औषध. झोप उडाली, चार पावले टाकवेनात, एक्स-रेत सांध्याची फट संपली, तर मग विचार करावा. बाजारातल्या वाताच्या पुड्यांपासून दूर राहा. कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

मोठा धोका जंतुसंसर्गाचा. पाचटाने कापलेला पाय, चिखल्या, किडका दात आधी बरे करा. मधुमेह आटोक्यात आणा.

बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालवतात. खरी मेहनत पुढे. लागण झकास केली आणि आंबवणीच चुकवली तर उगवण कशी होणार? दुखते म्हणून व्यायाम सोडला की सांधा आखडतो. उकिडवे बसून भांगलण मात्र विसरा, घरी कमोडची सोय करा.

खर्चाचे म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा कराशिवाय ५४,७२० रुपये ठरले. आकडा पुढे बदलत गेला, म्हणून चालू दर विचारा आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून घ्या. दवाखान्याचा खर्च निराळा असतो. तातडी नसेल तर ऊस तुटून गेल्यावरची तारीख घ्यावी, म्हणजे तोडणीच्या धांदलीत व्यायाम बुडत नाही.

— ऊस विकास अधिकारी